न शिरण्याचा व्हिसा

परवा कराडहून पार्सल आलं. आत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि एक चिठ्ठी : 'ताईंना सप्रेम. भाऊंना सीटबद्दल पुन्हा एकदा धन्यवाद.'

चटणी चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी आकसानं लिहितोय असं वाटेल. मी आकसानंच लिहितोय, पण चटणी चांगली आहे.

झालं ते थोडक्यात असं. मुलगी न्यूजर्सीला असते. एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, सप्टेंबरात परत निघालो; जाता-येता लंडनला विमान बदलायचं. माझा अमेरिकेचा व्हिसा २०१५ चा, दहा वर्षांचा, तो मे महिन्यात तिथं असतानाच संपला. त्यानं काही बिघडत नाही, असं जावईबापूंनी मला कागदावर चौकोन काढून समजावलं होतं. व्हिसा फक्त दारातून आत येण्यापुरता. आत किती दिवस राहायचं ते आय-नाइन्टीफोर नावाची नोंद ठरवते, आणि तीवर ऑक्टोबरपर्यंतची तारीख आहे. हे शंभर टक्के खरं होतं. आजवर मला त्रास झालाय तो जावयांनी सांगितलेल्या शंभर टक्के खऱ्या गोष्टींचाच. चौकोनात अमेरिका होती, भारत होता. लंडन काढायचं राहून गेलं होतं.

ते नेवार्कच्या विमानतळावर काउंटरवरच्या पोरानं काढून दिलं.

"सर, तुमचा यूकेचा ट्रान्झिट व्हिसा?"

"मला यूकेला जायचंच नाही. मला सांगलीला जायचंय."

"पण विमान यूकेला जातंय."

"जाऊ दे की. मी तिथं चार तास बाकड्यावर बसणार आणि पुढच्या विमानात चढणार."

"हो सर. त्यासाठीच लागतो."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, आणि तेही इतक्या आदरानं की भांडायलाही जागा ठेवली नाही.

त्या व्हिसाचं नाव डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा. त्यावर इमिग्रेशनची रेघ ओलांडता येत नाही, शहर बघता येत नाही, आणि चोवीस तासांच्या आत पुढचं विमान धरावं लागतं. एखाद्या देशात शिरायला व्हिसा लागतो हे मला मान्य आहे, आपल्या घरात कोण येणार ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण इथं शिरायचंच नाही असं लेखी देण्यासाठी अर्ज, फी आणि दहा बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि अर्ज केलाच तर उत्तर यायला तीनेक आठवडे. माझं विमान तीन तासांवर होतं.

यातली खरी मेख पुढं आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला हा व्हिसा लागतो, पण त्याच्याकडे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांपैकी कुणाचा चालू व्हिसा असेल तर माफ असतो. म्हणून एप्रिलमध्ये कुणी काही विचारलं नव्हतं. त्याच हीथ्रोवर मी बूट काढून, पाय वर घेऊन बसलो होतो आणि घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या होत्या. ब्रिटननं हूं की चूं केलं नाही. अमेरिकेनं ज्याला आत घ्यायचं कबूल केलंय तो माणूस बरा असणार, असा तो हिशोब. ठीक. पण मग अमेरिकेत पाच महिने राहून, कुणी घालवून न देता, मुदतीच्या महिनाभर आधी स्वतःच्या पायानं परत निघालेला माणूस वाईट कसा झाला? माझं चारित्र्य मे महिन्यात नेमकं कुठल्या तारखेला बिघडलं?

यात त्या पोराचा दोष नव्हता, हेही लिहायला हवं. त्याच्या पडद्यावर टायमॅटिक नावाचं काहीतरी असतं. जगातल्या विमान कंपन्या प्रवाशाची कागदपत्रं त्यावर ताडून बघतात. आणि चुकीची कागदपत्रं असलेला माणूस ब्रिटनला उतरवला, तर कंपनीला दर माणशी २,००० पौंड दंड होऊ शकतो. म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. एवढ्या पैशांत तो पोरगा मला काय, माझ्या देवालाही बसू देणार नाही. थोडक्यात, ब्रिटननं आपला जकात नाका नेवार्कला आणून ठेवलाय आणि नाकेदाराचा पगार कंपनीच्या गळ्यात घातलाय. सांगलीच्या जकात नाक्यावर निदान ट्रक बाजूला लावून चहा तरी मिळायचा.

हे सगळं चाललेलं असताना आमच्या मागं एक व्हीलचेअर उभी होती.

तीत साठीच्या एक बाई बसलेल्या. पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, अंगावर सुती साडी, साडीवर मुलाच्या कॉलेजचं नाव लिहिलेलं हुडी, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. व्हीलचेअर गुडघ्यांसाठी घेतलेली नव्हती, इंग्रजीसाठी घेतलेली होती. आपल्याकडच्या कितीतरी आया अशाच जातात-येतात. खुर्ची ढकलणारा माणूस सगळ्या दारांतून बरोबर नेतो आणि कुणी फारसं काही विचारत नाही. मला यात काही गैर वाटत नाही. वाटत नव्हतं.

"काय झालं हो भाऊ?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग त्यांनी बायकोला विचारलं, आणि बायकोनं मुलीच्या बाळंतपणापासून सुरुवात करून सगळं सांगितलं.

"म्हणजे ताई, तुमचा व्हिसा आहे आणि यांचा नाही?"

"माझा आहे ना. मी नंतर काढला. अठ्ठावीसपर्यंत आहे."

"माझा एकतीसपर्यंत आहे," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. उपाशीपोटीची साखर विचारल्यावर शंभरच्या आतला माणूस ज्या नजरेनं बघतो ना, तसं.

मग त्या उठल्या. व्हीलचेअरमधून ताडकन उठल्या, चालत काउंटरपर्यंत आल्या आणि त्या पोराशी चक्क मराठीत बोलायला लागल्या. "साहेब, हे रिटायर माणूस आहेत. यांना पळून जायचं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते? इथंच राहिले असते की! परत निघालेला माणूस कशाला पळतोय?"

दिवसभरात माझ्या बाजूनं कुणी केलेला हा सर्वांत चोख युक्तिवाद. जावईबापू फोनवर होते. त्यांनी इंग्रज आपल्याकडे दीडशे वर्षं बिनव्हिसा बसले होते, असा विनोद केला आणि कुणीही हसलं नाही. बाईंनी मात्र मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. मी मनातल्या मनात त्यांना वकीलपत्र देऊन टाकलं. माझे डोळे जरा भरूनही आले असतील.

पोरगा हसला, मान हलवली, नाही म्हणाला.

"नाही का?" बाईंनी मलाच विचारलं. मग क्षणभर थांबून, अगदी मायेनं, "बरं. मग यांची सीट कुठली होती?"

होती. अजून माझा बोर्डिंग पास निघाला नव्हता, माझ्या बॅगा वजनकाट्यावर होत्या, आणि मी भूतकाळात गेलो होतो.

"आईलची," बायको म्हणाली. म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेला लागून असलेली.

"अय्या! मला मधली आलीय हो. गुडघा पसरता येत नाही."

गुडघा! मग त्या वळल्या आणि पोराला इंग्रजीत म्हणाल्या, "दिस मॅन नो गो. हिज सीट, आय सिट?"

ज्या पोराला माझ्यासाठी अख्ख्या पृथ्वीतलावर एक नियम सापडत नव्हता, त्यानं दोन बटणं दाबली. झालं. त्या सीटचे मी वेगळे पैसे भरले होते. सहासष्टाव्या वर्षी आईलची सीट ही चैन नसते, ती वैद्यकीय गरज असते. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण मागच्या रांगेत पंचवीस माणसं होती आणि प्रोस्टेटला इंग्रजीत काय म्हणतात ते प्रोस्टेटच आहे, सगळ्यांना कळलं असतं.

आता बायको मला म्हणेल की आपण दोघंही थांबू, असं वाटून मी तिच्याकडे बघितलं. ती हिशोब करत होती. "दोघांचे पैसे बुडवण्यापेक्षा एकाचेच बुडवू," ती म्हणाली. "मुंबईहून गाडी ठरवलीय, ती पण वाया जायला नको. मी होते पुढं. सोबत आहेच की यांची."

मी म्हटलं, हा कुठला न्याय? त्यावर ती जे बोलली ते तिनं बोलायला नको होतं. "तुम्ही जिल्हा परिषदेत लोकांना झेरॉक्स कमी आहे म्हणून किती हेलपाटे घालायला लावलेत!" हे साफ खोटं आहे. मी झेरॉक्ससाठी कुणाला परत पाठवलं नाही. साक्षांकित नसेल तर पाठवलं असेल, पण तो शासन निर्णय होता, माझा नव्हे. आणि माझ्या टेबलासमोर बाकडं होतं. त्यावर कुणीही येऊन बसायचं, काही काम नसलेलेसुद्धा.

तर त्या दोघी गेल्या. लंडनला चार तास बाकड्यावर बसल्या आणि माझ्या वाटणीच्या दशम्या खाल्ल्या. मुंबईला उतरून मी ठरवलेल्या गाडीत बसल्या. कराड वाटेतच लागतं, त्यामुळं बाई गाडीतही माझ्याच जागेवर. मी तोवर मुलीच्या घरी, आवरून ठेवलेल्या पलंगावर पुन्हा चादर घालून झोपलो होतो. दोन दिवसांनी जावयांनी दोहामार्गे तिकीट काढून दिलं. दोहाला मी पाच तास बाकड्यावर बसलो आणि कुणी काही विचारलं नाही. सवय म्हणून मीच एका शिपायाला पासपोर्ट दाखवला. त्यानं तो परत दिला.

पैशांचं सांगितलं तर माझा रक्तदाब वाढतो, म्हणून एकदाच सांगतो. तिकिटाचे फक्त कर परत मिळाले. कंपनीचं पत्र आलं : कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची. मान्य! पण तिकीट काढताना त्या पडद्यानं मला काय काय विचारलं नव्हतं? शाकाहारी की मांसाहारी. पाय लांब करायला जास्त पैसे भरता का, हे तर तीनदा विचारलं. विमा हवा का, हॉटेल हवं का, मोटार हवी का. पासपोर्टचा नंबर घेतला, देश घेतला, मुदत घेतली. एवढं सगळं ज्याला माहीत आहे त्यानं एक ओळ लिहायची होती, की बाबा रे, परतीच्या वाटेवर लंडनला अडशील. टायमॅटिक काउंटरवर उघडतं, तर तिकीट विकताना का नाही उघडत? कारण विकताना उघडलं तर तिकीट खपत नाही. याला दुसरं उत्तर असेल तर मला कुणीतरी सांगावं. मी रिकामाच आहे.

आणि अमेरिकेला हसू नये म्हणावं तर तिथं त्याहून कठीण. त्यांना हे बाकडंच मान्य नाही. मेक्सिकोला जाताना अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं, तरी आपल्याला व्हिसा काढून आधी रीतसर अमेरिकेत शिरावं लागतं आणि मग बाहेर पडावं लागतं. ब्रिटननं निदान बाकडं वेगळं काढून त्याचं तिकीट लावलंय.

काल चटणी पोचल्याचं सांगायला बायकोनं कराडला फोन लावला. पुढच्या वर्षी दोघींचं पुन्हा एकत्र जायचं ठरतंय म्हणे. तासाभरानं फोन माझ्याकडे आला.

"भाऊ, चटणी कशी आहे?"

"चांगली आहे."

"व्हिसाचं बघताय ना? आणि एक सांगायचं राहिलं. या वेळी सीट जरा पुढची घ्या बरं का. ती फार मागं होती, संडासाला लागून. रात्रभर माणसं जात-येत होती."