टॉवेल-टोपीचा फेरा

आमच्या घरात सोनं कुठं ठेवलंय हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. आहेराची ट्रंक कुठं असते हे मात्र लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागं. आत टॉवेल, टोप्या आणि ब्लाऊजपीस. दुखवट्याचं गाठोडं वेगळं, त्याला हात लावायचा नाही.

साताऱ्याकडच्या माणसाला हा टॉवेल कसला ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, तो अंग पुसायचा नसतो. मी एकदा पुसून पाहिलंय. पाणी टिपत नाही, पाठीवरचं पोटाकडं आणून सोडतो. टोपी तर डोक्यावर बसतच नाही, खळीच्या जोरावर नुसती उभी राहते. इरावती कर्वे महाराष्ट्रभर माणसांच्या डोक्यांची मापं घेत हिंडल्या, पण ती मापं टोप्या शिवणाऱ्यांपर्यंत काही पोचलेली दिसत नाहीत. आणि ब्लाऊजपिसाचं ब्लाऊज झाल्याचं आमच्या घराण्यात तरी कुणी पाहिलेलं नाही. तो घडीतच येतो आणि घडीतच पुढच्या घरी जातो.

हे सगळं मी बिनतक्रार सोसत होतो. पण भाची पुण्याला विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकायला लागली. सुट्टीत आली, ट्रंक पाहिली आणि म्हणाली, "मामा, अरे हा तर कुला आहे!"

मलिनोव्स्की नावाचा एक पोलिश गृहस्थ. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा प्रजाजन म्हणून इंग्रजांच्या लेखी शत्रुपक्षातला. तो १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांना न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकून राहिला. तिथले लोक जीव धोक्यात घालून होड्या हाकत लांबच्या बेटांवर जायचे. कशाला? तर शिंपल्यांची कंकणं आणि माळा द्यायला-घ्यायला. या फेऱ्याचं नाव कुला. माळा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरणार, कंकणं उलट. कुणी कायमची ठेवून घ्यायची नाहीत, जो फार दिवस दाबून ठेवील त्याचं नाव खराब. १९२२ साली त्यानं हे सगळं छापलं. त्यातली एक गोष्ट भाचीनं सांगितली तेव्हा मला भरून आलं. बहुतेक कंकणं इतकी लहान असायची, की पोराटोरांच्याही हातात चढायची नाहीत.

म्हणजे आमची टोपीच की!

"तू सहभागी निरीक्षण कर," भाची म्हणाली. मी पंचवीस वर्षं सहभागीच होतो, निरीक्षण तेवढं राहिलं होतं. रविवारी ही बाजारात गेल्यावर ट्रंक खाली काढली, वही घेतली, मोजणी केली. टॉवेल २७, टोप्या ३१, ब्लाऊजपीस ४३. टोप्या चार जास्त का, हे लाल शाईनं लिहून ठेवलं. प्रत्येक घडीला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती. 'कराड आ.', 'कोरे. धाकटी', 'वाई (थोरली नव्हे)'. दुकानाची काहीतरी भानगड असेल असं समजून मी त्या सगळ्या काढल्या आणि टाचण्यांच्या डबीत नीट भरल्या. संशोधकानं वस्तू मूळ रूपात पाहावी. शेवटी एका टॉवेलाच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेननं बारीक फुली मारली. कुठं कुठं फिरतो ते कळावं म्हणून.

वैशाखात कराडच्या आत्याच्या नातीचं लग्न निघालं. पहाटे पाचला, लाईट गेलेले असताना, हिनं ट्रंकेतून अंदाजानं माल काढला. एसटीत शेजारी एक आजोबा बसले. "पाव्हणं कुठलं?" इथपासून सुरुवात झाली. आमच्याकडं पाहुणा म्हणजे नुसता घरी आलेला माणूस नव्हे, सोयरा. उंब्रज यायच्या आत त्यांनी माझ्या आजीच्या माहेरातून वाट काढत मला स्वतःच्या साडूचा भाचा ठरवलं. रिव्हर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत लोकांच्या वंशावळी लिहून घ्यायची पद्धत बसवली म्हणे. त्याला कागद लागायचा.

मंगल कार्यालयात माईकवरून नावं पुकारणं चाललं होतं. मी नवरीच्या बापाचा मामेभाऊ, त्यामुळं मान होता. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी. मग दुसऱ्या घरची टोपी, पहिलीच्या वर. खालची काढायची नसते. मी काढायला हात नेला तर देणारा म्हणाला, "आमची टोपी खुपती व्हय?" पाचवी चढली तेव्हा माझी मान हलायची बंद झाली आणि अक्षता पडताना मी मंडपाच्या छताचंच निरीक्षण केलं. त्यातच, छाती धडधडत, फुलीचा टॉवेल मी विट्याच्या व्याह्यांच्या खांद्यावर सोडून आलो.

खरा प्रसंग आतल्या खोलीत घडला. हिनं आत्याची ओटी भरली. आंबा रंगाचा ब्लाऊजपीस, त्याला जांभळे काठ. आत्यानं घडीची कड उलटी केली. तिथं हिरव्या दोऱ्याची एक गाठ होती, मोहरीएवढी. आत्या गोडच बोलली.

"सूनबाई, ह्यो पीस आमच्या घरचा रस्ता काय इसरला न्हाई बघ."

खोलीतल्या बायका एकदम गप्प झाल्या म्हणे.

कराड ते सातारा पन्नासेक किलोमीटर. पोवई नाक्यापर्यंत ही एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, चिठ्ठ्या कुठायत?"

"टाचण्यांच्या डबीत."

त्यानंतर आठवडाभर आमच्यात जे झालं ते क्षेत्रकार्याच्या वहीत लिहिण्यासारखं नाही.

भाचीला फोन केला तर ती आनंदानं ओरडलीच, "मामा, हाऊ!"

"कसं म्हणजे? चिठ्ठ्या काढल्या म्हणून."

ती 'हाऊ' म्हणत होती तो न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा. दिलेल्या वस्तूत एक जीव असतो आणि तो आपल्या मूळ ठिकाणी परतायला बघतो, अशी त्यांची समजूत. मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानानं १९२५ मध्ये तिच्यावरून मोठं विवेचन केलं. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावंच लागतं, असं त्याचं म्हणणं. हे फ्रान्समध्ये बसून कळायला बुद्धी लागते, पण परत करताना त्याचंच त्याला करू नये एवढं त्यानं ठळक लिहायला हवं होतं.

दोन महिन्यांनी हिनं मला माफी मागायला पाठवलं. मोती चौकातून एक किलो कंदी पेढे घेतले आणि कराड गाठलं.

"पेढं कशाला आनलंस?" म्हणत आत्यानं पुडा आत नेऊन ठेवला. चूक माझी, सूनबाईची नाही, हे पटवायला मी बेटं, होड्या, कंकणं, सगळं सांगितलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मालिनोस्कीला तितं टोप्या किती घातल्या?"

सांगता आलं नाही.

"आता आलाईस तर बस." कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला, टोपी घातली. मी पाया पडायला वाकलो तसा टॉवेलाचा कोपरा डोळ्यासमोर आला. निळी फुली. शेजारी कुणीतरी मारलेला लाल ठिपका आणि त्याच्या शेजारी हिरव्या दोऱ्याची गाठ.

"आत्या, हे काय?"

"खूण हाय ती. कुनाचं कुनाला जाऊ ने म्हनून. गाठ माजी. ठिपका विट्याच्या व्याह्यांचा, त्यांच्याकडनंच आलाय. निळी फुली कुनाची त्ये मातुर ध्यानात येईना. म्हनलं, तुला द्यायला बिनघोर हाय."

मी वाकलेलाच राहिलो. मग टोपी सरळ केली आणि "येतो" म्हणालो.

घरी आल्याबरोबर हिनं टॉवेल खांद्यावरून काढून घेतला, चिठ्ठी लिहिली, 'कराड आ.', टाचणी उचलली आणि कोपरा उलटून पाहिला. मग माझ्या खिशातल्या निळ्या पेनाकडं पाहिलं.