खालिद जमील यांच्या कारकिर्दीविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुटपुंज्या साधनांतून संघ उभा करण्याच्या बाबतीत, २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झालेल्या खालिद जमील यांच्याइतका भरवशाचा प्रशिक्षक आज भारतात दुसरा नाही, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपण लिहिता की जमील खेळाडू म्हणून बेताचेच होते, मिझोरामच्या ऐझॉल क्लबाला त्यांनी मिळवून दिलेले २०१७ चे राष्ट्रीय विजेतेपद हा एका हंगामाचा योगायोग होता, मुंबईचा माणूस म्हणून मी त्यांना झुकते माप देतो, आणि त्यांचा भित्रा फुटबॉल भारतीय संघाच्या मडगाव व ढाका येथील सामन्यांत सगळ्यांसमोर उघडा पडला. शेवटचा आक्षेप वजनदार आहे. बाकीच्यांशी मात्र मी सहमत नाही आणि त्याची कारणे सांगणे मला आवश्यक वाटते.

खेळाडू जमील यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते महान खेळाडू होते असा माझा दावा कधीच नव्हता. १९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेला आणि आखाती युद्धाच्या सुमारास भारतात आलेला हा मुलगा पुढे महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या मुंबईच्या संघांकडून मधल्या फळीत खेळला, भारताची जर्सीही त्याने घातली आणि दुखापतींनी त्याची कारकीर्द वेळेआधी आवरती घेतली. मोठा खेळाडू हाच मोठा प्रशिक्षक होतो, हा नियम मानायचा तर १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदके मिळवून देणाऱ्या सय्यद अब्दुल रहीम यांचे काय करायचे? त्यांचे नाव त्यांच्या खेळामुळे कोणाला आठवते?

आता मुंबईचा मुद्दा. आपल्या प्रतिक्रियेत ‘मुंबई सिटीतली त्यांची वर्षे’ असा उल्लेख आहे. जमील यांनी घडवला तो मुंबई एफसी. हा वेगळा, जुना आणि गरीब क्लब होता. २००७ साली स्थापन झालेल्या या क्लबात ते खेळाडू म्हणून आले, पण दुखापतींमुळे मैदानावर फारसे दिसले नाहीत आणि २००९ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षे ते त्या जागेवर होते. या काळात संघाने काय जिंकले, असे आपण विचारता. चषक एकही जिंकला नाही. पण आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये समोर कोण होते तेही पाहावे लागेल. गोव्यातून धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर आणि स्पोर्टिंग, तर कोलकात्यातून मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. मुंबई एफसीला तर काही हंगाम कूपरेज सोडून पुण्याला बालेवाडीत ‘घरचे’ सामने खेळावे लागले. अशा परिस्थितीत दर वर्षी घसरणीच्या रेषेच्या वर राहणे, म्हणजे खालच्या विभागात ढकलले न जाणे, तेही इतर क्लबांनी फारशी किंमत न दिलेल्या पोरांना घेऊन, हीच त्या सात वर्षांची कमाई होती. २०१६ मध्ये क्लबाने त्यांना निरोप दिला आणि लगेचच्या हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडला. वरच्या विभागात तो पुन्हा कधीच दिसला नाही. त्या घसरणीची कारणे अनेक असतील, पण सात वर्षे ती कोणी थोपवून धरली होती हे त्या एका हंगामाने दाखवून दिले.

याच हंगामात जमील ऐझॉलला होते, म्हणून ‘योगायोग’ या शब्दाकडे येतो. योगायोग होता, पण आपण म्हणता तिथे नव्हता. २०१५-१६ च्या हंगामात पुण्याचा डीएसके शिवाजियन्स शेवटचा आला, मात्र नव्याने थेट प्रवेश मिळालेला संघ म्हणून त्याला घसरणीतून सूट होती आणि त्याच्या वर असलेल्या ऐझॉलला खाली जावे लागले. त्यानंतर गोव्याचे क्लब अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ लीगमधून बाहेर पडले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर ऐझॉलला परत बोलावण्यात आले. नशीब म्हणायचे ते इथवर. त्यापुढे १८ सामने होते, आणि १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी व ३ पराभव असा हिशेब नशिबावर लागत नाही.

तो संघ कसा जमला, हे पाहिले तर मुंबईतल्या सात वर्षांचा उपयोग लक्षात येतो. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघे जमील यांच्याबरोबर मुंबई एफसीतून आले, गोलरक्षक अल्बिनो गोम्स गोव्याचा, मधल्या फळीचा कणा म्हणजे सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, आणि भोवती डोंगरात वाढलेली, दमछाक ठाऊक नसलेली मिझो मुले. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलच्या राजीव गांधी मैदानावर मोहन बागान आला तेव्हा दोन्ही संघ विजेतेपदाच्या शर्यतीत बरोबरीने होते. सामना गोलशून्य चालला होता. ऐझॉलने जागा सोडली नाही, उगाच घाईही केली नाही, आणि ८३व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्ते या बचावपटूने हेडरने गोल केला. आठवड्याभराने, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध ते नवव्याच मिनिटाला मागे पडले. तिकडे कोलकात्यात बागानचा सामना त्याच वेळी सुरू होता आणि तो बागानने जिंकलाही. ज्या संघाला केवळ बचाव येतो तो अशा वेळी कोसळतो. ऐझॉलने ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाच्या गोलने बरोबरी साधली आणि ३७ विरुद्ध ३६ अशा एका गुणाच्या फरकाने विजेतेपद घेतले. ईशान्येकडच्या क्लबाने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिली वेळ होती.

आपण आर्मांदो कुलासो यांचा दाखला दिलात, तो योग्यच आहे. धेंपोबरोबरच्या त्यांच्या पाच राष्ट्रीय विजेतेपदांसमोर जमील यांचे एक उणेच दिसणार. परंतु कुलासो यांच्या पाठीशी एक खंबीर उद्योगसमूह होता, वर्षानुवर्षे एकत्र खेळणारा संघ होता आणि पुढे रँटी मार्टिन्ससारखा गोल करणारा होता. मोठ्या संघाला जिंकत ठेवणे हे एक कौशल्य आहे आणि लहान संघाला जिंकण्यायोग्य करणे हे दुसरे. मी लेखात दुसऱ्याबद्दल बोललो होतो. (पहिले जमील यांना कितपत जमते याची शंका मलाही आहे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही ठिकाणी ते टिकले नाहीत, आणि कोलकात्यात टिकण्यासाठी लागणारी वक्तृत्वाची हौस त्यांच्यात नाही.)

त्यांच्या कारकिर्दीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते, आणि आपल्या टीकेला खरा आधार तिथेच मिळू शकला असता. त्यांना बहुतेक वेळा घर पेटल्यावर बोलावले जाते. जानेवारी २०२१ मध्ये इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नूस यांना काढून जमील यांना हंगामी प्रशिक्षक केले. त्या वर्षी सगळे सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना चालले होते. उरलेल्या लीग सामन्यांत संघ एकदाही हरला नाही, पुढे विजेता ठरलेल्या मुंबई सिटीलाही त्याने २-१ असे नमवले आणि उपान्त्य फेरी गाठली. त्यानंतर आयएसएलमध्ये कायम नियुक्ती मिळालेले पहिले भारतीय प्रशिक्षक म्हणून त्याच संघाची पूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि २०२१-२२ मध्ये तोच संघ ११ जणांत दहावा आला. जमशेदपूरलाही ते हंगामाच्या मध्यावर गेले. तिथे मात्र २०२४-२५ या पहिल्या पूर्ण हंगामात पाचवे स्थान, उपान्त्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी अशी त्यांनी मजल मारली. त्या उपान्त्य फेरीत बागानच्या अपुइयाने भरपाई वेळेत लांबून मारलेल्या गोलने त्यांचा घास हिरावला. हा अपुइया नॉर्थईस्टमध्ये त्यांच्याच हाताखाली खेळलेला होता.

हे सारे ‘भित्र्या फुटबॉल’मध्ये बसते का? त्यांचा संघ चेंडू फार वेळ पायात ठेवत नाही, लांब पास देतो, मधली फळी बचावाला चिकटून ठेवतो आणि सेट पीसवर, म्हणजे फ्री किक आणि कॉर्नरवर, मेहनत घेतो, हे खरे आहे. पाहायला तो खेळ अनेकदा रटाळ वाटतो, हेही खरे आहे. पण उपलब्ध खेळाडूंकडून जे होणार नाही ते त्यांच्याकडून न मागणे याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

राहता राहिला भारतीय संघ. १ ऑगस्ट २०२५ रोजी नियुक्ती झाली तेव्हा आशियाई चषक पात्रता फेरीत भारताच्या खात्यात दोन सामन्यांत एक गुण होता. मायदेशात बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगमध्ये पराभव, दोन्ही आधीचे प्रशिक्षक मनोलो मार्केझ यांच्या काळातले. आयएसएलचे भवितव्य अधांतरी होते, त्यामुळे खेळाडू लीगच्या सामन्यांविना होते, आणि मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. तरीही ताजिकिस्तानला त्यांच्या मैदानावर हरवून आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून भारत तिसरा आला. म्हणजे पेटलेले घर त्यांनी पुन्हा एकदा सावरले.

नंतर १४ ऑक्टोबरचा सिंगापूरविरुद्धचा मडगावचा पात्रता सामना झाला, आणि इथे मी आपल्या बाजूने आहे. छांगटेच्या सुरेख गोलने भारत १४व्या मिनिटाला पुढे होता. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-यंगने बरोबरी केली, ५८व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला, आणि पुढच्या अर्ध्या तासात भारताला करायचे काय हे ना मैदानावर दिसले ना बाकावर. विजय आवश्यकच असलेल्या सामन्यात स्वतः खेळ रचण्याची वेळ आली आणि त्यासाठी कोणतीही तयारी नव्हती. गोव्यातल्या प्रेक्षकांनी दाखवलेली नाराजी रास्त होती. नोव्हेंबरमध्ये ढाक्यातला ०-१ हा पराभव भारत स्पर्धेबाहेर गेल्यानंतरचा आहे, म्हणून मी त्याला आपल्याइतके महत्त्व देत नाही, परंतु बांगलादेशकडून २२ वर्षांनी हरणे ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही, एवढे मान्य.

तरी मडगाववरून मागे जाऊन ऐझॉल आणि मुंबई पुसून टाकणे मला पटत नाही. त्या सामन्याने जमील यांच्या पद्धतीची मर्यादा दाखवली, आणि ती मर्यादा नॉर्थईस्टच्या दुसऱ्या हंगामातही दिसली होती. क्लबात ते स्वतः खेळाडू निवडतात, रोज त्यांच्याकडून सराव करून घेतात आणि हळूहळू संघ आपल्या साच्यात बसवतात. राष्ट्रीय संघाबरोबर त्यांना मोजके दिवस मिळतात, आणि तेही लीगमध्ये वेगळ्या पद्धतीने खेळणाऱ्या खेळाडूंबरोबर. कुलासो आणि सावियो मदेरा या दोघांनाही राष्ट्रीय संघ फार थोडा काळ मिळाला होता आणि त्यांच्यानंतर महासंघ पुन्हा परदेशी प्रशिक्षकांकडे वळला. जमील यांना बदलायचेच असेल तर ते मडगावच्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी बदलावे आणि नव्या माणसाला नेमका तोच प्रश्न विचारावा : घरच्या मैदानावर एक गोलने मागे असताना तुझा संघ काय करील? ‘सामान्य खेळाडू’ होता म्हणून किंवा ऐझॉलला नशिबाने साथ दिली म्हणून बदलायचे असेल, तर त्याला माझा विरोध कायम आहे.