घरचा मसाला, घरचा प्रोसेसर

महासंगणकासाठी स्वदेशी प्रोसेसर बनवायचा म्हणताय? बनवा की. आमची आई गेली चाळीस वर्षं परळच्या चाळीत घरचा मसाला करतेय, तुम्हाला एवढी एक चिप जमू नये?

फक्त आधी 'घरचा' म्हणजे काय ते समजून घ्या. एप्रिल लागला की आई मला पिशव्या उचलायला लालबागला नेते. बेडगी मिरची कर्नाटकातली, गुंटूर आंध्रातली, काळी मिरी केरळची, आणि लवंग कुठून आली ते विचारलं की दुकानदार नुसतं वर बघतो. मिरच्या गच्चीवर वाळतात, देठं आम्ही खुडतो, मग सगळं पुन्हा पिशव्यांत भरून कांडपाला. डंक गिरणीवाल्याचा, वीज बेस्टची, कुटणारा माणूस आझमगडचा. मसाला मात्र घरचा. बरणीवर तसं लिहिलेलंच आहे.

युरोपने हेच केलं, पिशव्या जरा मोठ्या होत्या इतकंच. डिसेंबर २०१८मध्ये 'युरोपियन प्रोसेसर इनिशिएटिव्ह' सुरू झालं आणि पुढे त्यात १० देशांतल्या २८ संस्था जमल्या. तेव्हा तुम्हीही पहिल्यांदा माणसं जमवा. एकट्याने केली तर ती नुसती चिप. २८ जणांनी मिळून केली की उपक्रम होतो. शिवाय उशीर वाटून घेता येतो. २०२२मध्ये येणार म्हणून सांगितलेल्या त्यांच्या चिपचं डिझाइन कारखान्याकडे गेलं २०२५मध्ये. तीन वर्षं ऐकायला जास्त वाटतात, पण भागिले २८ केलं की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा महिना. सव्वा महिना तर आपल्याकडे नळ दुरुस्त करायलाही लागतो.

माणसं जमली की नाव ठेवा. हे काम लांबणीवर टाकू नका. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी ती चूक केली होती. त्यांनी सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब जोडून संगणक उभा केला, १९६०मध्ये तो रीतसर कामाला लावला, आणि 'टिफ्रॅक' हे नाव त्याला मिळालं १९६२मध्ये, नेहरूंच्या हस्ते. आधी यंत्र आणि मग बारसं! अशाने होतं काय, की लोक यंत्राकडे बघतात आणि नाव कोणाच्या लक्षातच राहत नाही. आज कुलाब्याच्या बसमध्ये टिफ्रॅक म्हणून बघा, कंडक्टर विचारेल हा स्टॉप कुठे आला.

युरोपने नाव आधी ठेवलं: रिया. ग्रीक पुराणातली देवांची आई. तिचा मुलगा झ्यूस, म्हणजेच रोमनांचा ज्युपिटर. आणि जर्मनीतल्या युलिश गावी जो अजस्र महासंगणक उभा राहायचा होता त्याचंही नाव ज्युपिटर. आईच्या जिवावर मुलगा मोठा होणार, असा सुंदर बेत. प्रत्यक्षात ५ सप्टेंबर २०२५ रोजी ज्युपिटरचं उद्‌घाटन झालं तेव्हा आई अजून कारखान्यातून यायची होती. मुलगा आधी जन्मला. पुराणात याहून विचित्र गोष्टी घडलेल्या आहेत, तेव्हा फार मनावर घेऊ नका.

मग सेकंदाला दहा परार्ध (एकावर अठरा शून्यं) गणितं हा ज्युपिटर करतो कशावर? अमेरिकेच्या एनव्हिडियाच्या सुमारे २४ हजार चिपांवर. त्यांच्यातल्या प्रोसेसरच्या कोअरचं, म्हणजे प्रत्यक्ष गणितं करणाऱ्या गाभ्याचं, टोपणनाव आहे डिमीटर, आणि डिमीटर ही पुराणात रियाची लेक. म्हणजे आई येईपर्यंत लेकीने घर सांभाळलं, ते थेट अमेरिकेहून येऊन. आपल्याकडे बाळंतपणाला आई अमेरिकेला जाते, तिथे उलटं.

आता सामान. कोअर स्वतः आखत बसू नका, त्याला वर्षं लागतात आणि मधल्या काळात दाखवायला काही नसतं. सरळ आर्मकडून घ्या, कोअरचे आराखडे विकणं हाच त्या कंपनीचा धंदा. रियात आर्मचे ८० कोअर आहेत. आर्म केंब्रिजची, केंब्रिज ब्रिटनमध्ये, ब्रिटन जानेवारी २०२०मध्ये युरोपीय संघातून बाहेर, आणि आर्मची मालकी २०१६पासून जपानच्या सॉफ्टबँकेकडे. इतक्या लांबच्या नात्यातला माल वापरूनही चिप युरोपची म्हणवता येते, ही हिंमत शिकण्यासारखी आहे. त्या कोअरचं टोपणनाव सांगू? झ्यूस. रियाच्या पोटात एक नाही, ऐंशी झ्यूस. (हे मी रचलेलं नाही, माझी तेवढी प्रतिभा नाही.)

आर्म नको असेल तर रिस्क-फाइव्ह घ्या, म्हणजे प्रोसेसरने कुठल्या आज्ञा पाळायच्या त्याचा कोणालाही वापरता येणारा खुला आराखडा. त्याचा जन्म २०१०मधला, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा, पण त्याचा कारभार बघणारी संस्था २०२०मध्ये स्वित्झर्लंडला राहायला गेली. म्हणजे आता ते कोणाचंच नाही, म्हणून तुमचं.

सामान मिळालं की कांडप. इथे मला आईबद्दल चार शब्द लिहायचेत. गिरणीत नंबर लागला की ती नाकाला पदर लावून डंकाच्या शेजारी स्टुलावर बसते आणि मसाला डब्यात पडेपर्यंत हलत नाही. डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका, पण नजर उखळीवर. शेजारणीची तिखट लवंगी मिरची आपल्यात मिसळू नये, आधीच्या घाण्यातलं उरलेलं आपल्यात येऊ नये, हळकुंड नेमकं कधी टाकायचं ते आपणच सांगावं. मी एकदा म्हटलं, अगं त्याला पैसे दिलेत ना, जा घरी. ती म्हणाली, "पैसे दिले की मसाला त्याचा होतो. बसले की माझा."

तुम्ही अर्थातच बसू नका. चिपची गिरणी तैवानात आहे, टीएसएमसीची, आणि तिथे तुमच्या आधी सगळ्या जगाचे नंबर लागलेत. रियाचे ६१ अब्ज ट्रान्झिस्टर तिथेच, ६ नॅनोमीटरच्या प्रक्रियेत कुटले जातात. गंमत म्हणजे त्या गिरणीतला सगळ्यात महागडा डंक, अतिनील किरणांनी नक्षी कोरणारं यंत्र, नेदरलँड्सच्या एएसएमएलचं असतं आणि त्यातले आरसे जर्मनीच्या झाइसचे. म्हणजे युरोपने डंक घडवला, तैवानला विकला, आणि आता मिरच्या घेऊन त्याच डंकापुढे रांगेत उभा आहे. आपल्याच गावच्या लोहाराने घडवलेल्या डंकावर कुटायला दुसऱ्या गावी जाण्यात जो स्वाभिमान आहे, तो घरी कुटण्यात कुठला?

युरोपला हसून झालं असेल तर आपल्याकडे या. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या नियोजित प्रोसेसरचं नाव 'औम'. नाव आधी ठेवलेलं आहे, म्हणजे सुरुवात शास्त्रशुद्ध. त्यात ९६ कोअर, आर्मचे, तेच ते झ्यूस. सोबतीला हैदराबादची मॉसचिप आणि जपानची सोशिओनेक्स्ट या चिप आखणाऱ्या कंपन्या, गिरणी तैवानची, ५ नॅनोमीटर. ओंकाराच्या पोटात शहाण्णव ग्रीक देव. इतका सर्वधर्मसमभाव गिरगावातल्या एखाद्या मंडळालाही झेपणार नाही.

मात्र एक प्रश्न कोणी विचारला तर विषय बदला. तो असा, की दुकानदाराने मिरची द्यायलाच नकार दिला तर? ऐंशीच्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक देताना अशीच अडवणूक केली, तेव्हा १९८८मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१मध्ये पुण्यात 'परम ८०००' उभा राहिला. त्यातले ट्रान्सप्युटर, म्हणजे प्रोसेसर, हेही ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते, पण ते शेकड्याने एकत्र कसे राबवायचे हे इथल्या माणसांनी स्टुलावर बसून शिकून घेतलं होतं. असले दाखले देणारा माणूस बैठकीत असेल तर त्याला चहा सांगायला पाठवा.

आणि नंबर लागेपर्यंत काय करायचं, याचीही काळजी नको. यंदा गिरणीत रांग इतकी, की मे सरत आला तरी आमचा नंबर नव्हता आणि बरणीचा तळ दिसायला लागला. आईने मला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं, तयार मसाल्याची दोन पाकिटं आणवली, बरणीत ओतली, झाकण लावलं आणि पाकिटं कचऱ्यात खाली दाबून टाकली. रविवारी मावशी जेवायला आली. सुरमईचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "ताई, घरच्या मसाल्याची चवच वेगळी गं." आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मावशीच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.