तीन कॉलमांची मागणी

मला हवे होते फक्त तीन कॉलम. ग्राहक क्रमांक, रक्कम आणि ऑर्डर रद्द झाल्याची तारीख. डेटाबेसमधल्या टेबलात कॉलम होते १८७ आणि ओळी चाळीस लाखांच्या वर.

पहिल्या दिवशी मी सरळ ‘सिलेक्ट स्टार’ लिहिलं, म्हणजे तारा (*) टाकून सगळेच कॉलम मागितले. तो तारा टाकायला एक बटण लागतं, निस्तरायला अख्खी दुपार. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तेवढ्या घेऊन त्याने दार लावलं. लॅपटॉपचा पंखा इतका घोंगावला, की शेजारच्या सहकाऱ्याने आपल्या कागदांवर मुकाट्याने पाण्याची बाटली ठेवली.

मग कोणीतरी उदार मनाने सगळ्या टेबलाची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, पाठवली. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पांडाज नावाच्या अवजाराला सांगितलं, बाबा रे, हे तीनच कॉलम घे. मेमरीची बचत झाली, वेळेची फारशी नाही. सीएसव्हीत नव्वदावा कॉलम कुठे आहे, हे आधीचे एकोणनव्वद स्वल्पविराम मोजल्याशिवाय कळतच नाही. (कॉलमांनुसार साठवणारी पार्केट फाइल असती तर तिने तेवढेच कॉलम उचलून दिले असते. पण मला कोण पार्केट देतो!)

शेवटी शहाण्यासारखी क्वेरी, म्हणजे नेमकं काय हवं ते डेटाबेसला सांगणारी मागणी, लिहायला बसलो. तिथे रद्द तारखेचे उमेदवार तीन : ‘कॅन्सल_डीटी’, ‘कॅन्सल_डेट’ आणि ‘कॅन्सल_डेट_वापरू_नये’. मी आज्ञाधारक माणूस, मधला घेतला.

सगळ्यांत आधी हाकलला तो ‘शेरा’ हा कॉलम. लोक त्यात आख्खे ईमेल चिकटवतात. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. तो ओळीच्या ओळी साठवतो, त्यामुळे तीन कॉलम मागितले तरी डिस्कवरून बहुतेक ओळ वाचावीच लागते. कमी होतो तो मुख्यतः डेटा वाहून आणण्याचा भार. पण असला लांबलचक मजकूर तो बाजूला वेगळा ठेवतो आणि नाव घेतलं नाही तर त्याला हातही लावत नाही. शेरा वगळताना मला फार बरं वाटलं.

त्यात या वर्षी नोंदवलेल्या आणि ‘रद्द’ असा शिक्का असलेल्या ऑर्डरींचीच अट घातली आणि चाळीस सेकंदांत डेटा हजर! पंखा गप्प. सहकाऱ्याने बाटली उचलून पाणी प्यायलं.

तारखेचा कॉलम वरपासून खालपर्यंत नल, म्हणजे रिकामा. बाकीचे दोन उमेदवारही तपासले, तेही कोरे. अखेर टेबल भरणाऱ्या गृहस्थांना फोन केला.

“तारीख होय? ती आम्ही शेऱ्यात लिहितो.”

शेरा मागवला. पहिल्याच ओळीत होतं : ‘काल फोन आला, रद्द करा.’