नळी निळीच राहिली

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला आणि शेवटी मावशीनं फोन करून तो वाचूनही दाखवला. त्याचा सारांश असा: क्रीमच्या डबीवर 'ट्रेहलोज' लिहिलेलं असेल तर ती मक्याची साखर आहे. ती त्वचेतल्या प्रथिनांना चिकटून सुरकुत्या पाडते. मुरमांचे जंतू तिच्यावर पोसतात. मका जीएम, म्हणजे जनुकं बदललेला, असतो. तेव्हा डबी फेका आणि घरची पिठीसाखर गुलाबपाण्यात कालवून ठेवा, रोज लावा. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणजे धोका नाही. खाली जोडलेले हात, तीन वेळा.

मावशीची डबी साडेचारशे रुपयांची आणि अजून अर्धी शिल्लक. "टाकू का गं?"

मक्याची साखर आहे, हे खरंच. मक्याचा, नाहीतर साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या टॅपिओकाचा स्टार्च घेऊन ती करतात. पण ही साखर मक्याच्या कणसात बसलेली नसते. १८३२ मध्ये ती पहिल्यांदा सापडली ती राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीत. १८५९ मध्ये बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तिला नाव दिलं ते 'ट्रेहला'वरून. ट्रेहला म्हणजे मध्यपूर्वेतल्या एका भुंग्याचा गोडसर कोश. पुढे बराच काळ ती यीस्टमधून काढत आणि ती भलतीच महाग पडे. १९९०च्या दशकात जपानमध्ये ओकायामाच्या हायाशिबारा कंपनीनं जिवाणूंची दोन एन्झाइमं वापरून ती स्टार्चपासून करायला घेतली. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी; पहिलं एन्झाइम तिच्या टोकाचा जोड उलटा फिरवतं, दुसरं ते टोक कापून वेगळं करतं. मका हा नुसता कच्चा माल.

आता सुरकुत्या. मेसेजमधला सगळ्यात शास्त्रीय वाटणारा मुद्दा हाच, म्हणून इथे थोडी थांबते. साखर प्रथिनांना चिकटते, याला ग्लायकेशन म्हणतात आणि ते खरं आहे. पण चिकटायला साखरेचं एक टोक मोकळं लागतं. ग्लुकोजचं असतं. ट्रेहलोजमध्ये दोन ग्लुकोज एकमेकांना नेमक्या त्या टोकांनीच जोडलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडून कुलूप.

हे बारावीच्या प्रयोगशाळेतही दिसतं. मी रसायनशास्त्र शिकवते, सामान हाताशीच होतं. तीन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत ग्लुकोज, दुसरीत पिठीसाखर, तिसरीत ट्रेहलोज. तिन्हींत बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून गरम पाण्यात उभ्या केल्या; मोकळ्या टोकाची साखर असली की ते विटकरी होतं. ग्लुकोजची नळी हिरवी, पिवळी होत विटकरी झाली. बाकी दोन्ही निळ्याच. मग त्या दोन साखरा सौम्य आम्लात थोडा वेळ उकळल्या, सोड्यानं आम्ल मारलं आणि पुन्हा चाचणी घेतली. पिठीसाखर विटकरी झाली, कारण आम्लात ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते. ट्रेहलोजची नळी निळीच राहिली. म्हणजे मेसेजची भीती खरी धरली तर त्याचाच उपाय जास्त संशयास्पद ठरतो!

मुळात सुरकुत्यांशी जोडलं जातं ते ग्लायकेशन त्वचेच्या खालच्या थरातल्या कोलॅजन या प्रथिनावर, रक्तातल्या साखरेनं, वर्षानुवर्षं होतं. मधुमेहात ते जास्त होतं. वरून लावलेल्या क्रीममधल्या दोन-चार टक्के साखरेशी त्याचा संबंध लावणं म्हणजे अंगणात सांडलेल्या पाण्यानं माजघराची भिंत ओलावली म्हणण्यासारखं.

मुरमांचे जंतू रंध्रांत राहतात आणि त्यांचं मुख्य खाणं म्हणजे आपल्याच त्वचेचं तेल. खाण्यातल्या गोडाचा मुरमांशी संबंध असू शकतो, पण तो ताटाचा विषय, डबीचा नाही. जीएमबद्दल एवढंच, की शुद्ध केलेल्या स्फटिकात मक्याचं फारसं काही उरत नाही. रेणू साध्या मक्याचा असो की जीएमचा, तोच.

मेसेजवाल्यांवर तोंडसुख घेताना विकणाऱ्यांनाही सोडू नये. त्यांच्या जाहिरातीत हीच पावडर 'संजीवनी' होते. मेक्सिकोच्या वाळवंटात सेलाजिनेला नावाची एक वनस्पती वाळून गोळा होते आणि पाणी मिळताच उलगडते. तिच्यात ट्रेहलोज असतं, हे खरं. पण ती जिवंत पेशींची गोष्ट. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, त्यांना कोण उठवणार? शिवाय काही रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी ट्रेहलोज अजिबात न बनवताही सुकून पुन्हा जगतात. आणि 'हवेतला ओलावा खेचते' म्हणाल तर पावसाळ्यात उघडं राहिलेलं माझं ट्रेहलोजचं पाकीट महिनाभर सुटसुटीत होतं. पिठीसाखरेचे मात्र खडे झाले. हवेतलं पाणी ओढायचं काम ग्लिसरीन कितीतरी चांगलं करतं. ट्रेहलोजनं क्रीम चिकट न होता मऊ लागतं, मला ते आवडतं. चमत्कार नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणजे धोका नाही'. मेसेजमधलं खरोखर घातक वाक्य हेच, आणि ते मी स्वतः करून पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी घरी टोनर केला: गुलाबपाणी, ३ टक्के ट्रेहलोज, थोडं ग्लिसरीन. 'नैसर्गिक' हवं म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह मुद्दाम गाळलं. जूनअखेरीस बाटली बेसिनवर ठेवली. अकराव्या दिवशी उजेडात धरली तर आत कापसाच्या पुंजक्यासारखं काहीतरी तरंगत होतं. आदल्या रात्रीपर्यंत मी तेच तोंडाला लावत होते.

साखरेत मुरांबा टिकतो, मग हे का नासलं? मुरांब्यात साखर इतकी दाट असते की बुरशीला पाणीच मोकळं मिळत नाही. ३ टक्के म्हणजे तिच्यासाठी सरबत. क्रीममधलं प्रिझर्व्हेटिव्ह याचसाठी असतं, आणि गुलाबपाण्यात कालवलेल्या पिठीसाखरेत नेमकं तेच नाही.

मावशीला सांगितलं, डबी ठेव, तारीख बघ, ओली बोटं आत घालू नकोस. तेव्हा कळलं की गुलाबपाण्याचं मिश्रण तिनं आठवड्यापूर्वीच करून काचेच्या बरणीत भरलंय. फोन चालू ठेवूनच ते तिला मोरीत ओतायला लावलं.