री दीर्घ

तीन महिन्यांचं बिल अडकलंय, तेही एका वेलांटीपायी. राग कालचाच आहे, त्यामुळे थोडी आदळआपट होईल.

गिऱ्हाइकाच्या संगणक विभागाचं फर्मान: बिलाच्या फाइलवर जीपीजीने सही करा. फाइलवर डिजिटल सही करणारं हे सॉफ्टवेअर १९९७ पासून फुकट मिळतं आणि काळ्या पडद्यावर टाइप करून चालवायचं असतं. सकाळी अर्धा तास ते मला ‘इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ असं सुनावत होतं. शिवीचा निदान अर्थ तरी कळतो! शेवटी ‘जीपीजी-टीटीवाय’ नावाच्या सेटिंगचा नवस फेडला, तेव्हा पासफ्रेजची, म्हणजे लांबलचक पासवर्डची, चौकट उगवली.

मग हिशेब खात्यातले काका.

“सही कुठाय?”

“ही दुसरी फाइल. बिलाला हात न लावता सही वेगळी ठेवतात, डिटॅच्ड.”

“सुटी सही?” काकांनी चष्मा कपाळावर सारला. “आज सही सुटी पाठवलीत, उद्या अंगठा कुरियरने पाठवाल.”

मी व्हेरिफाय करून दाखवलं. ‘गुड सिग्नेचर’! पण त्याच्याच खाली इशारा: सही याच माणसाची असल्याचा काहीही पुरावा नाही. काकांनी तो खणखणीत आवाजात अख्ख्या खात्याला वाचून दाखवला. म्हटलं, “काका, सही ज्या डिजिटल किल्लीने होते, ती माझीच असल्याची खात्री ओळखीच्या कुणीतरी द्यावी लागते.”

“म्हणजे स्थळाची चौकशी!”

आठ वर्षं वापरून मला जे धड सांगता येत नाही, ते यांना दोन शब्दांत जमलं. ह्याचीच जास्त चीड आली.

मग काकांनी बिल उघडलं. “‘परिक्षण’? री दीर्घ हो, री दीर्घ!” मी हात धरेपर्यंत पहिल्या वेलांटीची दुसरी झाली होती आणि फाइल सेव्हही झाली होती. पुन्हा तपासलं. ‘बॅड सिग्नेचर’.

“एक अक्षर बदललं तरी सही मोडते. त्यासाठीच तर ती असते.”

“म्हणजे चुकीचं होतं तेव्हा गुड, आणि बरोबर केलं की बॅड?”

ह्यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर ठेवा तुमच्यापाशीच.

शेवटी दुरुस्त बिलाचा प्रिंट काढून पेनाने सही करायला लावली. माझी सही दोनदा सारखी येत नाही. बँकेने ती दोनदा परत पाठवली आहे. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “शिक्का?”

शिक्का खालच्या चौकात तासाभरात मिळतो, म्हणाल त्या नावाचा. ओळखपत्रसुद्धा विचारत नाहीत. करून आणला, उमटवला.

पैसे अजून आलेले नाहीत.