खुलासा: तीन गोळ्यांचा ग्रुप आणि ‘रायफलला मानवणारं’ माप

स्वतः काडतुसं भरताना पावडर (बारूद) 0.2 ग्रेनने (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) वाढवत पावडरच्या प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या झाडा, सगळ्यात लहान ग्रुप (म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पसारा) देईल तेच रायफलला मानवणारं माप, असा सल्ला सध्या फिरतोय. तो पटण्यासारखा वाटतो, पण टिकत नाही. एकाच मापाच्या, एकाच डब्यातल्या गोळ्यांचे तीन-तीनचे ग्रुप पाडून बघा: एक दुसऱ्याच्या दुप्पट निघणं अगदी सामान्य आहे, आणि तिथे तर काहीच बदललेलं नसतं! शिवाय त्याच रायफलचा 10 गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपट मोठा भरतो. खराब माप तीन गोळ्यांतही उघडं पडतं, हे खरं. चांगलं ठरवायला मात्र तेच माप पुन्हा, किमान 20 गोळ्यांनी तपासावं लागतं.